बाबांचा 'मी' कोणी लिहायचा?

वाचकाचं पत्र

मी नागपूरची. शाळेत मराठी शिकवते. माझे बाबा आता ७४ वर्षांचे आहेत. ते रेल्वेत फिटर होते आणि १९७०च्या दशकात कबड्डी खेळायचे, डाव्या कोपऱ्यावर, पकड करायला. दोन वर्षांपूर्वी त्यांना हृदयाचा त्रास झाला, तेव्हापासून मी त्यांच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड करते आहे. आजवर ३७ रेकॉर्डिंग झाली. त्यातून त्यांचं आत्मचरित्र तयार करावं असं मनात आहे. 'मी'ने सुरुवात करून चार प्रकरणं लिहिलीसुद्धा. बाबांना वाचून दाखवली. ते 'चांगलं आहे' म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

भाऊ म्हणतो, बाबा काय सचिन तेंडुलकर आहेत का, वाचणार कोण? लिहिणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितलं, ती नागपुरी बोली काढून टाका, सगळं प्रमाण मराठीत आणा. १९७७ साली शिबिरातून निवड होऊनही ऐनवेळी बाबांना संघातून वगळलं होतं. ज्यांनी वगळलं त्यांचं नाव छापायचंच, असा बाबांचा हट्ट आहे. ते गृहस्थ आता नाहीत, पण त्यांची मुलं शहरातच आहेत. आणि आई म्हणते, 'माझं काही लिहू नको त्यात.' एका रेकॉर्डिंगमध्ये मात्र स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला आहे: 'तेव्हा तुमी होते कुठं? थोरली तापानं फणफणली होती, मी एकटी होती.' बाबांनी तिथंच मला मोबाइल बंद करायला लावला.

आत्मचरित्र लिहू की चरित्र? की सोडून देऊ?

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलं आहे, आणि ते आईंचं आहे. त्याच्याकडे मी येणारच आहे. आधी बाबांच्या 'चांगलं आहे'बद्दल बोलू, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात दडलंय.

आपलीच गोष्ट कोणी आपल्याला वाचून दाखवत असेल तर माणूस गप्प बसत नाही. मध्येच तोडतो. 'तसं नाही, आधी पाऊस झाला होता', 'तो नाही, त्याचा भाऊ होता', असं सांगत सुटतो. बाबांनी तुम्हाला एकदाही अडवलं नाही. चार प्रकरणांत ते स्वतःला कुठं दिसलेच नाहीत, म्हणून त्यांनी पेपर उघडला. लेकीचं मन मोडायचं नाही म्हणून 'चांगलं आहे' म्हणाले.

हे मी इतक्या खात्रीनं सांगते, कारण ही चूक माझ्या हातून झाली आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या एका वयस्क पैलवानांच्या आठवणी मी लिहून घेत होते. ते सांगायचे, 'सकायी चारले उठो. हजार बैठका मारो. मंग मातीत.' तीन लहान वाक्यं, आणि शेवटच्या 'मातीत'वर त्यांचा हात आपोआप मांडीवर पडायचा. मी घरी येऊन लिहिलं, 'ब्राह्ममुहूर्तावर उठून सहस्र बैठकांचा व्यायाम केल्यानंतर मी आखाड्यात प्रवेश करीत असे.' पुढच्या आठवड्यात वाचून दाखवायला गेले. त्यांच्या पत्नी शेजारी बसून तांदूळ निवडत होत्या. पान-दीड पान ऐकलं आणि त्यांनी यजमानांकडे बघून अगदी सरळ मनानं विचारलं, 'हे कोन बोलून राहिलं?' मी त्यांना काय उत्तर देणार? त्या वर्षीच्या पावसाळ्यात पैलवान गेले. वही आजही माझ्याकडे आहे. तिच्यात तारखा आहेत, कुस्त्या आहेत, त्या जिथं झाल्या ती गावं आहेत, पण त्यांचा आवाज नाही. रेकॉर्डर माझ्याजवळ नव्हता, त्यामुळे तो परत मिळवायची सोयही राहिली नाही.

तुमच्याकडे ३७ रेकॉर्डिंग आहेत. म्हणून पहिलं काम, हे उत्तर वाचून झाल्याबरोबर: ती सगळी मोबाइलमधून आणखी दोन ठिकाणी उतरवून ठेवा, एक प्रत भावाच्या घरी. फोन चोरीला जातो, पाण्यात पडतो. पुस्तकाचं पुढे काय व्हायचं ते होईल, आवाज आधी सांभाळा.

आता आत्मचरित्र की चरित्र. माझं मत स्पष्ट आहे. बाबांच्या नावानं 'मी' लिहू नका.

दुसऱ्यासाठी 'मी' लिहिणं मुळातच गैर आहे असं मी म्हणत नाही. खेळाडूंची बहुतेक आत्मचरित्रं अशीच झाली आहेत आणि त्यातली काही उत्तम आहेत. तेंडुलकरांच्या २०१४ सालच्या आत्मचरित्रात बोरिया मजुमदार यांचा सहभाग होता, अभिनव बिंद्रांच्या २०११ सालच्या पुस्तकामागे रोहित ब्रिजनाथ होते, आणि मिल्खासिंगांनी २०१३ साली आपली कहाणी सांगितली ती मुलगी सोनिया यांच्या सोबतीनं. आंद्रे आगासीचं 'ओपन' (२००९) जे. आर. मोरिंगर या कसलेल्या लेखकानं शब्दांत उतरवलं आणि मुखपृष्ठावर स्वतःचं नाव येऊ दिलं नाही. सात वर्षांचा पोरगा, समोर बापानं घरी बनवलेलं चेंडू फेकणारं यंत्र, दिवसाला अडीच हजार चेंडू, आणि त्या यंत्राला पोरानं मनात दिलेलं नाव 'ड्रॅगन'. अशी गोष्ट माणूस पहिल्या बैठकीत सांगत नाही. कोणीतरी खूप वेळ, खूप धीरानं ऐकत बसलं तेव्हा ती बाहेर आली. पण आगासी त्या 'मी'च्या मागे पूर्ण उभा होता. तुमचे बाबा पेपर वाचत बसलेत. त्यांना 'मी'च्या ओळी तपासायची ना हौस ना सवय, आणि ७४ वर्षांच्या, हृदयाचं दुखणं काढलेल्या माणसाला आपण त्यासाठी बसवूही नये. तेव्हा तो 'मी' तुमचाच होणार, फक्त बाबांचा सदरा घालून.

मराठीत या अडचणीवर फार सुंदर वाट काढलेली आहे. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं. त्याच्या सुरुवातीलाच लेखक दया पवार आणि दगडू मारुती पवार समोरासमोर आहेत. भोगलं ते दगडूनं, लिहितोय तो दया पवार. माणूस एकच, तरी भोगणारा आणि लिहिणारा यांच्यातलं अंतर त्यांनी लपवलं नाही, पुस्तकाच्या दारातच ठेवलं. एका माणसाच्या पोटातलं अंतर जर एवढं असेल, तर बाप आणि लेक यांच्यातलं किती असेल!

आणि तुमच्यासाठी तर एक उदाहरण घरचंच आहे. कर्नल सी. के. नायडू नागपूरचे, जन्म १८९५चा. १९२६ साली मुंबईत इंग्लंडहून आलेल्या एमसीसी संघाविरुद्ध ११ षटकारांसह १५३ धावा, १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीत कर्णधार. ही सगळी माहिती कुठंही मिळते. पण त्यांच्या कन्या चंद्रा नायडू यांनी १९९५ साली वडिलांवर पुस्तक लिहिलं तेव्हा त्यांनी वडिलांचा 'मी' उसना घेतला नाही. पुस्तकाच्या नावातच सांगून टाकलं की ही एका मुलीची आठवण आहे. चंद्राताई स्वतः क्रिकेटच्या जाणकार, भारतातल्या अगदी सुरुवातीच्या महिला समालोचकांपैकी एक. त्यांना खेळाचं बोलता येत होतं. तरी त्यांनी मुलीची जागा सोडली नाही.

तुम्हीही ती सोडू नका. लिहिणारा 'मी' तुमचा, आणि बाबा म्हणजे 'बाबा'. पोरीनं बापाला विचारलं, बापानं सांगितलं, मध्ये खोकला आला, पाणी मागितलं, विषय बदलला. हे सगळं पुस्तकात येऊ द्या. बाबांचं बोलणं जिथं येईल तिथं ते वेगळ्या परिच्छेदात, अवतरणात, जसंच्या तसं.

जसंच्या तसं म्हणजे त्यांच्याच बोलीत. तुमच्या ओळखीच्या गृहस्थांचा सल्ला मला मुळीच मान्य नाही. तुम्ही मराठीच्या शिक्षिका आहात, 'झोंबी' तुम्ही वाचलंच असेल. आनंद यादवांची माणसं कागलकडच्या बोलीत बोलतात म्हणून १९९०चा साहित्य अकादमी पुरस्कार कुठं अडला? निवेदन तुमच्या मराठीत लिहा आणि बाबांना त्यांच्या मराठीत बोलू द्या. फक्त एक जपा. नागपुरी बोली हसवण्यासाठी वापरायची वाईट सवय नाटक-मालिकांनी लावून ठेवली आहे. बाबा जेवढ्या वेळा 'काऊन' म्हणाले तेवढ्याच वेळा 'काऊन' लिहा, गंमत यावी म्हणून एकही 'बे' वरून घालू नका. रेकॉर्डिंग कानाला लावून, थांबवत थांबवत उतरवा. वेळ लागेल. पंधरा मिनिटांच्या बोलण्याला दोन तास लागले तर तुमचं काही चुकतंय असं समजू नका.

आता भावाचं म्हणणं. बाबा सचिन नाहीत म्हणून कोण वाचणार? मी त्यांना उलट विचारेन, सचिनच्या धावा ज्याला हव्यात तो पुस्तक कशाला उघडेल? त्या सगळीकडे आहेत. थोर खेळाडूंच्या पुस्तकांतूनही लक्षात राहतं ते धावफलकाबाहेरचंच. गावस्करांचं 'सनी डेज' १९७६ साली आलं. त्यातल्या कुठल्या डावात किती धावा झाल्या हे मला आज सांगता येणार नाही. पण जन्मल्यावर इस्पितळात बाळांची अदलाबदल झाली होती आणि डाव्या कानाजवळचं बारीकसं छिद्र काकांनी आदल्या दिवशी पाहून ठेवलं होतं, म्हणून गावस्करांचं बाळ एका कोळिणीशेजारी सापडलं, हे मी विसरू शकत नाही. एका काकांनी बाळाचा कान नीट पाहिला, एवढीच ती गोष्ट.

बाबांचा 'कान' शोधा. मला वाटतं तो त्यांच्या बोटांत असेल. कोपऱ्यावर खेळलेल्या माणसाची बोटं कधी सरळ नसतात. कोणतं बोट कुठल्या सामन्यात गेलं, कोणी ओढून बसवलं, दुसऱ्या दिवशी कामावर पान्हा कसा धरला, हे एकेक बोट हातात घेऊन विचारा. 'तुमच्या क्रीडाजीवनाविषयी सांगा' म्हटलं की माणूस भाषण करतो. 'ही करंगळी अशी का झाली?' म्हटलं की तो सांगायला लागतो.

आणि त्यांना पकड दाखवायला सांगा. खरंच, खाली बसवून, स्वतःचा घोटा पुढे करून. चढाईवाला निदानरेषा, म्हणजे त्याला गाठावीच लागते ती रेषा, ओलांडून आत आला की डावा कोपरा त्याच्या डोळ्यांकडे बघतो, कमरेकडे की पायाकडे? झेप कधी घ्यायची, त्याचा पाय उचलताना की टेकताना? अंगठा कुठं, बाकीची बोटं कुठं? शेजारच्या गड्यानं हातात हात धरून केलेली साखळी केव्हा सोडायची, ते कोण ठरवायचं? हे त्यांच्या हातांना माहीत आहे. तोंडाला कदाचित पन्नास वर्षांत कोणी विचारलंच नसेल. हात पकडीत गेले की तोंड सुटतं, हे मी पैलवानांकडे पाहिलंय. तेव्हा रेकॉर्डर चालू ठेवा. शक्य असेल तर कोणाला तरी चित्रणही करू द्या.

मग मैदान. मॅट नव्हती. माती चाळून, पाणी शिंपून, फक्कीनं रेषा मारून मैदान व्हायचं. ते काम कोण करायचं? सामन्यासाठी रजा कशी मिळायची, पाळी कोणाशी बदलायची, खुराक कुठून यायचा? १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पहिल्यांदा पदक ठेवलं आणि भारतानं सुवर्ण घेतलं, तेव्हा बाबा चाळिशीच्या उंबरठ्यावर असतील. ती बातमी त्यांनी कुठं ऐकली? २०१४पासून टीव्हीवर प्रो कबड्डी असते, खेळाडूंचा लिलाव होतो, बूट घालून मॅटवर खेळतात, तीस सेकंदांची चढाई असते. ते सामने बाबा बघतात का? बघताना काय म्हणतात? हे प्रश्न तुम्ही विचारले असतीलही, पण पत्रात त्याचा मागमूस नाही, म्हणून लिहिलं.

आता १९७७. इथं मला सावकाश बोलायचंय, कारण बाबांची जखम खरी आहे आणि तिला हलकं करायची माझी इच्छा नाही. १९६०च्या रोम ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटरला मिल्खासिंग चौथे आले. हाताच्या घड्याळानं तिसऱ्याची वेळ ४५.५ सेकंद, त्यांची ४५.६. सेकंदाचा एक दशांश भाग. त्या एका दशांशाबद्दल ते पुढे जन्मभर बोलत राहिले, लोकही त्यांना तेच विचारत राहिले. आशियाई स्पर्धांची सुवर्णपदकं मिळवलेल्या माणसाची ही कथा, तर ज्याला मैदानात उतरूच दिलं नाही त्याला काय वाटत असेल! बाबांना नाव छापायचंय, कारण ४८ वर्षांत कोणी 'तुमच्यावर अन्याय झाला' असं म्हटलेलं नाही. पुस्तकानं ते म्हणावं अशी त्यांची अपेक्षा आहे.

पण नाव छापल्यानं ते म्हटलं जात नाही. कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट' (१९८१) काढून त्यातली संस्कृतची गोष्ट पुन्हा वाचा. बाई आपल्या नागपूरच्या, २०२३ साली गेल्या. दलित घरातली मुलगी संस्कृतात एम.ए. होते, गुणांनी वर असते, तरी नोकरी मिळत नाही. आंतरजातीय लग्नानंतर सोमकुवर जाऊन पावडे आडनाव लागतं आणि मग नोकरी मिळते. लेखाच्या शेवटी त्या एवढंच सांगतात की नोकरी मिळाली ती पावडे या नावाला, सोमकुवरला नव्हे. कोणा अधिकाऱ्याला त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. घडलं ते क्रमानं मांडलं आणि दोन आडनावं शेजारी ठेवली. वाचणाऱ्याच्या छातीवर दगड बसतो. एखाद्या माणसाचं नाव घेतलं असतं तर वाचक म्हणाला असता, तो एक वाईट निघाला. नाव नाही, म्हणून सगळ्या व्यवस्थेकडे बघावं लागतं.

तुम्हीही तसंच करा. बाबांनी डोळ्यांनी काय पाहिलं, कानांनी काय ऐकलं, यादी कुठं लावली होती, ती वाचायला सोबत कोण होतं, परत येताना गाडीत बसायला जागा मिळाली की उभ्यानं आले, तेवढं लिहा. त्या गृहस्थांच्या मनात काय होतं हे तुम्हाला माहीत नाही, बाबांनाही नाही, ते लिहू नका. 'निवड समितीतले एक गृहस्थ' एवढं पुरे. कायद्याचंही सांगते. माणूस मृत आहे म्हणून बदनामीचा प्रश्न मिटत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मध्ये मृत व्यक्तीवरचे आरोपही येतात, जर ते तिच्या जिवंतपणी तिच्या प्रतिष्ठेला धक्का देणारे ठरले असते आणि घरच्यांच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं केले असतील तर. आणि 'खरं आहे' एवढ्यावर सुटका होत नाही, ते सार्वजनिक हिताचं आहे हेही दाखवावं लागतं. छापण्याआधी हे प्रकरण एखाद्या वकिलाच्या नजरेखालून जाऊ द्या.

त्याआधी एक धावपळ करा. 'तरुण भारत', 'लोकमत', 'हितवाद' हे तिन्ही तेव्हा नागपुरात निघत होते. जुने अंक जिथं जपले असतील तिथं १९७७चे ते दोन-तीन आठवडे बघा. संघाची यादी छापून आली असेल तर ती पुस्तकात तशीच द्या. आठवण आणि छापील यादी यांत फरक निघाला तर घाबरू नका, दोन्ही लिहा. आणि बाबांच्या जागी जो गेला तो कोण? हयात असेल तर त्याला भेटा. पन्नास वर्षं त्यालाही काही बोचत असेल. ते ऐकायला बाबांना सोबत न्यायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. मला तुमच्या बाबांचा स्वभाव माहीत नाही.

आता आई.

ताई, मराठीत बायकांनी घरातल्या थोर पुरुषाच्या आठवणी लिहायला घेतल्या की एक विलक्षण गोष्ट घडत आली आहे. रमाबाई रानडे १९१० साली 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' लिहितात. सांगायचं असतं न्यायमूर्तींबद्दल. पण आपल्याला दिसते ती शिकते म्हणून घरातल्या बायकांचे टोमणे खाणारी, खाली मान घालून पुस्तक उघडणारी मुलगी. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' १९३४ ते ३६ या काळात निघालं. कवी टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी हव्या होत्या, मुलानं आईला लिहायला बसवलं, आणि झालं काय, तर मराठीतलं सर्वांत जिवंत आत्मचरित्र. टिळक त्यात आहेत, त्यांच्या लहरींसकट, आणि लक्ष्मीबाईंचं त्यांच्यावरचं प्रेमही पानोपानी आहे. पण हातात धरून चालवते ती लक्ष्मीबाई. सुनीताबाई देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' १९९० साली आलं तेव्हा पु.ल. हयात होते. तक्रार आणि माया एकाच घरात, एकाच पानावर राहू शकतात हे त्यांनी दाखवलं.

तुमच्याकडे ३७ रेकॉर्डिंगमध्ये बाबांचा आवाज आहे आणि एका ठिकाणी आईंचा. त्या एका वाक्यानं बाबा दचकले. चार प्रकरणं ऐकून जे गप्प बसले, त्यांना ते वाक्य सहन झालं नाही, कारण ते खरं होतं आणि त्यात ते स्वतःला दिसले. बाबा बाहेरगावी पकडी करत होते तेव्हा घर कोणीतरी धरून ठेवलं होतं. ते पुस्तकात नसेल तर कबड्डीची गोष्टही अर्धीच राहील. डाव्या कोपऱ्याला साखळीत हात देणारा गडी लागतोच ना?

पण आईंनी नको म्हटलंय, आणि ते 'नको' पाळायचं. त्यांना न विचारता ते वाक्य छापणं म्हणजे चोरी. आधी विचारा, का नको? मला असं वाटतं की 'माझं लिहू नको' याचा अर्थ बऱ्याचदा 'मी बोलले तर यांचा मान कमी होईल' असा असतो. कधी 'मला नीट कोणी विचारलंच नाही' असाही असतो. मोबाइल समोर ठेवून विचारू नका. भाजी निवडताना, कपडे घडी करताना, हाताला काम असताना विचारा. 'तुला काय वाटलं?' असं तर मुळीच नको. वस्तू विचारा. मातीनं माखलेली ती खेळायची चड्डी-बनियन कोण धुवायचं, लाल माती निघायची का? पगारातलं दूध आणि अंडी कोणाच्या वाटणीची होती? त्या रात्री थोरलीला घेऊन कुठं गेलात, मेयो इस्पितळात की मेडिकलच्या? रिक्षा मिळाली का? शेजारच्या कोणी दार उघडलं? त्या सांगतील तेवढं ऐका, घरी जाऊन लिहा, आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा. एक वाक्य काढ म्हणाल्या तर काढा, सगळं काढ म्हणाल्या तर सगळं. त्यांच्या हातात ती कात्री आहे हे त्यांना ठाऊक असू द्या. बहुतेक वेळा कात्री हातात आली की माणूस ती वापरत नाही, पण वापरली तरी तक्रार करायची नाही.

बाबांनाही हे लपवून ठेवू नका. 'त्या दिवशी तुम्ही मोबाइल बंद करायला लावला, त्याबद्दल लिहू का?' हे सरळ विचारा. ते चिडतील कदाचित. पण ज्याला अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीच्या अन्यायाचं नाव छापायचंय, त्याला घरातल्या एका रात्रीबद्दल ऐकून घेता आलं पाहिजे. मला वाटतं ते ऐकतील. वेळ लागेल.

वाचायचं म्हणाल तर वसंत मून यांचं 'वस्ती' मिळवा. नागपूरचंच आहे. एका मुलाच्या वाढण्याची गोष्ट, पण नावच 'वस्ती', 'मी' नव्हे. भोवतालची माणसं कशी पानावर आणायची हे त्यातून शिकता येईल.

छपाईचं थोडक्यात: पैसे भरून 'पॅकेज' घ्यायची घाई करू नका. आयएसबीएन क्रमांक आपल्याकडे सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो, कोणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नका. वर्तमानपत्रातला फोटो वापरणार असाल तर त्यांची लेखी परवानगी घ्या, फोटोचा स्वामित्वहक्क साधारणपणे छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं असतो. शे-दोनशे प्रती पुरेत. एक प्रत सीताबर्डीवर विदर्भ साहित्य संघाच्या ग्रंथालयात नेऊन द्या. बाबांबरोबर खेळलेले जे कोणी उरले असतील त्यांना तुम्ही स्वतः हातात नेऊन द्या, पोस्टानं नको.

सोडून देऊ का, असं तुम्ही विचारलंत. नाही. ती चार प्रकरणं मात्र बाजूला ठेवा आणि अडतिसाव्या रेकॉर्डिंगपासून सुरुवात करा. येत्या रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, सतरंजी टाका. बाबांना खाली बसवा, आपला घोटा त्यांच्या पुढे करा आणि म्हणा, धरून दाखवा. आईंना स्वयंपाकघरातून बाहेर बोलवा, बाबांच्या शेजारी बसवा. आणि मोबाइल सुरू करायचा की नाही, हे यावेळी आधी आईंना विचारा.